नागपूरहून भितरकनिका: भरती-ओहोटी बघून कॅम्पिंगची ट्रिप कशी आखायची

आपल्या नागपूरकरांना जंगल काही नवीन नाही. ताडोबा-पेंचची सफारी बुक करायची, पहाटे थंडीत गेटवर जाऊन थांबायचं, हे घरातल्या पोरांनासुद्धा पाठ असतं. त्याच सवयीनं बरेच जण आता ओडिशातल्या भितरकनिकाचंही प्लॅनिंग करून राहिले, म्हणजे आधी सुट्टी बघायची, मग तिकीट काढायचं, मग रूम. पण समुद्राच्या तोंडावरचं हे बेटांचं आणि खाड्यांचं जंगल वेगळ्या हिशोबानं चालतं. काय दिसणार, नाव कुठपर्यंत आत जाणार, जेट्टीवर कोरड्या पायानं उतरता येणार की चिखलातून, हे सगळं त्या दिवशी पाणी किती वाजता चढतं आणि किती वाजता उतरतं त्यावर ठरतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच आहे की आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा आणि मगच रेल्वेच्या तिकिटाला हात लावा.

जागा काय आहे ते आधी

भितरकनिका केंद्रापाडा जिल्ह्यात आहे, जिथं ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्या धामराच्या मुखाशी बंगालच्या उपसागराला मिळतात. सगळीकडे खारफुटी, मधून खाड्या, आणि खाड्यांनी कापलेली चिखलाची बेटं. १९७५ मध्ये ६७२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, त्यातला १४५ चौरस किलोमीटरचा गाभा १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००२ पासून हा रामसर यादीतला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतला, प्रदेश आहे. सुंदरबननंतर भारतातलं सगळ्यात मोठं खारफुटीचं जंगल हेच. समुद्राच्या बाजूला लागून गहिरमाथा सागरी अभयारण्य आहे, ते १९९७ चं.

पण लोक जातात ते मगरी बघायला. खाऱ्या पाण्यातली मगर, जिला तिकडे बौला कुंभीर म्हणतात. १९७५ मध्ये इथल्याच जंगलातल्या डांगमाळला संवर्धन प्रकल्प सुरू झाला तेव्हा इथं त्यांची संख्या शंभराच्याही आत उरली होती, अंडी गोळा करून पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की खाडीत सोडायची असं वर्षानुवर्षं केलं आणि आता गणनेत अठराशेच्या आसपास मगरी मोजल्या जातात. वीस फुटांच्या पुढच्या मगरीही इथं आहेत. पन्नास वर्षं चिकाटीनं केलेल्या कामाचं हे फळ आहे आणि ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे, निदान माझ्या मते तरी वाघाइतकंच.

आणि आपलं या भागाशी नातंही जुनंच. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्याशी तह होऊन कटक प्रांत नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत तो नागपूरकर भोसल्यांकडेच होता. जाता-येता कटकचा बाराबती किल्ला पाहता आला तर पोरांना ही गोष्ट नक्की सांगा, शाळेत एवढं कोणी सांगत नाही.

तारीख ठरवणं, यातच अर्धं काम आहे

महिना ठरवणं सोपं आहे. १ मे ते ३१ जुलै उद्यान बंद असतं, कारण तो मगरींचा अंडी घालायचा काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. जानेवारीत मगरींच्या गणनेसाठी काही दिवस पर्यटकांना बंद ठेवतात, तेव्हा बुकिंगच्या आधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या, नाहीतर तिकीट काढून बसाल. ज्यांना पक्ष्यांचं वेड आहे त्यांनी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा विचार करावा, कारण बगगहन भागात मुग्धबलाक, बगळे, पाणकावळे यांची मोठी वीण तेव्हा भरात असते, पण मग पाऊस, दमट हवा आणि डास यांची तयारी ठेवायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळंही येतात, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं दाना वादळ भितरकनिका आणि धामराच्या मध्येच किनाऱ्याला धडकलं होतं. त्या दिवसांत जात असाल तर हवामान खात्याचा अंदाज निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज बघायचा, आणि इशारा आला तर सरळ ट्रिप पुढे ढकलायची, पैसे गेले तरी चालतील.

आता महिन्यातला दिवस. विदर्भात आपल्याला समुद्र नाही त्यामुळे हे गणित आपण शिकतच नाही, पण अजिबात अवघड नाही. दिवसात साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त, आणि या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग असतं, तेव्हा चढउतार कमी. म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघूनच अर्धा अंदाज येतो.

मगर थंड रक्ताचा प्राणी. हिवाळ्यात रात्रभर गार पाण्यात राहून सकाळी ऊन चढलं की ती अंग तापवायला चिखलाच्या काठावर येते. पण काठ उघडा पडायला ओहोटी पाहिजे. भरतीच्या वेळी पाणी थेट झाडांच्या मुळांपर्यंत चढलेलं असतं, मग मगरी पाण्यातच, दिसलं तर नाकाचं टोक आणि डोळे. वन खात्याची गणनासुद्धा ओहोटी बघूनच करतात. उलट बाजूला, ज्या अरुंद खाड्यांत पक्षी आणि शांतता असते तिथं नाव न्यायला पाणी पाहिजे, ओहोटीत तिथं नाव टेकते.

म्हणून सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर ज्या दिवशी भरती पहाटे सहाच्या आसपास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास आहे तो. सकाळी निघालं की अरुंद खाडी करून घ्यायची, पाणी उतरायला लागलं की मोठ्या खाडीत यायचं, आणि दहा ते एकच्या उन्हात दोन्ही काठांवर मगरी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते असतात, समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या साइटवर आणि साध्या टाइड ॲपवरही मिळतं, त्यात धामरा किंवा पारादीप बंदर निवडायचं. एक मात्र ध्यानात ठेवा, हे टायमिंग समुद्राच्या तोंडावरचं आहे, आत खाडीत पाणी उशिरानं पोचतं, त्यामुळे शेवटचा शब्द नाववाल्याचा.

तुमच्या सुट्टीला असा दिवस बसतच नसेल तर निदान ओहोटी नऊ ते तीनच्या मध्ये येईल एवढं तरी बघा. आणि दोन रात्री राहा. एका रात्रीत एकच पाण्याचा फेरा मिळतो.

बुकिंग

राष्ट्रीय उद्यानात स्वतःचा तंबू टाकून कुठंही राहता येत नाही, आणि खरं सांगायचं तर इथं तसं करायचा विचारही मनात आणू नका. राहायची सोय म्हणजे वन खात्याचे नेचर कॅम्प, डांगमाळ, गुप्ती अशा ठिकाणी, त्यांचं बुकिंग इकोटूर ओडिशाच्या साइटवरून होतं. डिसेंबरच्या शनिवार-रविवारी जागा फार लवकर भरतात. ओडिशा पर्यटनाचा हिवाळ्यातला तंबूंचा इको रिट्रीट पेंठा किनाऱ्यावर लागतो, तो महागडा प्रकार आहे, सगळ्या सोयी असतात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर ठीक. मला विचाराल तर डांगमाळ. मगर प्रकल्प तिथंच आहे, छोटं संग्रहालय आहे, रात्री खाडीचा आवाज ऐकू येतो, आणि सकाळी नाव पकडायला धावपळ करावी लागत नाही.

उद्यानात शिरायला प्रवेशपरवाना लागतो, त्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र, मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा. नाव वन खात्याकडे नोंदणी असलेलीच घ्यायची. ड्रोन घेऊन जाऊ नका.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा क्रम असा ठेवा: तक्ता बघून दोन-तीन तारखा काढायच्या, त्यात कॅम्प मिळतो का बघायचं, आणि मग ६० व्या दिवशी सकाळी तिकीट.

पोचायचं कसं

लोकमान्य टिळक टर्मिनसहून पुरीला आणि भुवनेश्वरला जाणाऱ्या थेट गाड्या नागपूरवरून जातात, पण त्या रोज नाहीत, त्यामुळे वार बघून घ्या. भुवनेश्वरला उतरायचं. तिथून कटक, केंद्रापाडा, पट्टामुंडई, राजनगर असा रस्ता, आणि पुढे खोला किंवा गुप्तीचं गेट, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचा पट्टा गावांतून जातो म्हणून चार तास धरूनच चाला. दुसरी वाट भद्रकवरून, भद्रक स्टेशनहून चांदबाली साधारण ५५ किलोमीटर आणि तिथून जयनगरच्या बाजूनं नाव. कोलकात्याकडून येणाऱ्यांना ही सोयीची, आपल्याला भुवनेश्वरच बरं.

इथं एक गोष्ट लोक हमखास विसरतात. गाडी लेट झाली, दुपारी तीनला गेटवर पोचलो, म्हणजे पोचलो असं होत नाही, कारण अंधारात खाडीत नाव नेत नाहीत. म्हणून पहिली रात्र भुवनेश्वर किंवा केंद्रापाड्यात काढा आणि सकाळी ताजेतवाने होऊन निघा. केंद्रापाड्याला थांबलात तर तिथली रसाबळी खा, छेन्याच्या तळलेल्या चपट्या वड्या आटवलेल्या दुधात बुडवलेल्या, बलदेवजींच्या देवळाचा हा प्रसाद आहे.

बॅगेत काय

नागपूरची डिसेंबरची थंडी कोरडी असते, तिकडची ओलसर. आकडा कमी दिसत नाही पण पहाटे नावेवर वारं लागलं की कानात जातं. एक विंडचीटर, कानटोपी, आणि बाकी पूर्ण बाह्यांचे पातळ कॉटनचे कपडे. दुपारी घाम येतो. जीन्स नका नेऊ, भिजली की दोन दिवस वाळत नाही.

पायात काय घालायचं यावर जरा वेळ घालवा. ओहोटीला जेट्टीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर बारीक, करड्या गाळाचा थर असतो, दिसायला सुकल्यासारखा आणि पाय ठेवला की सरकन निसटणारा. चप्पल तिथं कामाची नाही, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूजही नाहीत. मागे पट्टा असलेली, खोल खाचांच्या तळव्याची सँडल पाहिजे, बर्डीवर ट्रेकिंगच्या दुकानात मिळते. आणि उतरताना बॅग पाठीवर, दोन्ही हात मोकळे, आजी-आजोबा असतील तर एक माणूस त्यांच्या खाली आणि एक वर.

बाकी सामान: प्रत्येकाला टॉर्च, पॉवर बँक, डास पळवायचं क्रीम, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, दुर्बीण, आणि स्टीलच्या बाटल्या कारण आत प्लास्टिक चालत नाही. चिवड्याची, चकल्यांची पाकिटं घरीच डब्यात रिकामी करून न्या. कॅश ठेवा, नेटवर्क नसलं की ऑनलाइन पेमेंट अडकतं, आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

लहान मुलं कधी नावेत बसली नसतील तर आधी एखाद्या रविवारी रामटेकजवळ खिंडसीला नेऊन आणा, लाइफ जॅकेट घालून तासभर बसायची सवय होऊ द्या. लाइफ जॅकेट गरम होतं, टोचतं, मुलं काढायला बघतात, आणि ही कुरकुर मगरींच्या खाडीत सुरू झालेली बरी नाही.

नावेवरचा दिवस

सकाळी निघताना नाववाल्याला सरळ विचारायचं, भाऊ आज पाणी कधी उतरणार आणि त्या हिशोबानं कुठून कुठं जायचं. हिंदी सगळ्यांना कळते. तुम्ही तक्ता बघून आलात हे त्याला समजलं की तो नेहमीच्या ठरलेल्या चकरेऐवजी खुलून दाखवतो, हा फरक मी स्वतः पाहिलाय. दुसरी विनंती करायची ती इंजिनची. काठावर मगर दिसली की लांबूनच इंजिन बंद करून नाव वाहत जाऊ द्यायला सांगा. इंजिन चालू ठेवून जवळ नेली की ती सरळ पाण्यात शिरते, तिचं ऊन गेलं आणि तुमचं बघणं गेलं.

आणि फक्त मगर-मगर करू नका. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलाकडे पाच मिनिटं बघत बसा. आधी काहीच दिसत नाही, मग चिखल हलायला लागतो. कोकणात जिला निवटी म्हणतात तो डोळे वर काढलेला मासा पंखांवर रेटा देत चिखलावर उड्या मारतो, एका मोठ्या नांगीचे लालसर खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी वर-खाली करत उभे असतात, चिखलात पेन्सिली रोवल्यासारखी तिवराची श्वसनमुळं उभी, आणि त्यांच्यामधून चितळ पाय उचलत चाललेलं, आपल्या पेंचमधलंच चितळ, पण इथं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. त्याच काठावर थोडं पुढे जे लाकूड वाटत होतं त्याचा जबडा उघडा असतो. अंग जास्त तापलं की मगर तोंड उघडं ठेवून पडते, ती चिडलेली नसते. खंड्या पक्ष्याच्या इथं आठ जाती नोंदवल्यात, दुर्बीण गळ्यातच ठेवा, बॅगेत नको.

कनिकाच्या राजाचं हे एके काळी शिकारीचं जंगल, त्याचा जुना शिकारीचा मनोरा आणि देऊळ अजून आत आहे, परवानगीच्या पायवाटेनं गाइडसोबत जाता येतं. सकाळीच जा, दुपारी डास फार.

जिवाची काळजी

या भागात गावकऱ्यांनी मगरींमुळे माणसं गमावली आहेत. नदीकाठच्या घाटांवर वन खात्यानं कुंपण घालून अंघोळीची जागा बंद केलेली तुम्हाला दिसेल, ते शोभेचं नाही. त्यामुळे नावेबाहेर हात-पाय काढायचे नाहीत, फोटोसाठी तर नाहीच. पाण्यात हात धुवायचे नाहीत. खाडीच्या, तळ्याच्या काठावर उभं राहायचं नाही, पाणी उथळ आणि शांत दिसत असलं तरी. मोठी मगर गढूळ पाण्यात दोन हातांवर असली तरी वर काही कळत नाही. खाण्याचं उरलेलं पाण्यात टाकणं म्हणजे तिला माणसांच्या जागेची सवय लावणं, आणि त्याची किंमत तुम्ही गेल्यावर गावातलं कोणीतरी मोजतं.

कॅम्पवर अंधार पडल्यावर आखलेल्या वाटेवरच, टॉर्च लावून, पायाकडे बघत चाला. नागराजासकट बरेच साप आहेत. आणि झाडांच्या फांद्या तोडू नका, गेवा नावाच्या खारफुटीचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं आणि कातडीवर फोड येतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, काडी तोडून पाण्यात मारायची सवय सगळ्यांनाच असते. चीक लागलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवत राहायचं आणि लगेच कॅम्पच्या माणसांना सांगायचं.

कासवांचं काय

गहिरमाथ्याला ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी, काही वर्षी लाखोंनी एकदम अंडी घालायला येतात, १९७४ मध्ये जगाला या जागेची माहिती झाली. फोन करून सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की ते दिसेल का. ज्या नासी बेटांवर हे होतं तिथं पर्यटकांना जाता येत नाही आणि ते बरोबरच आहे, शिवाय शेजारी संरक्षण खात्याचं क्षेपणास्त्र चाचणीचं बेट आहे. नाववाला कोणी गुपचूप नेतो म्हणाला तर नाही म्हणा. कासवं बघायचीच असतील तर आपल्या कोकणात वेळासला हिवाळ्याच्या शेवटी पिल्लं समुद्रात सोडतात, त्याची वेगळी ट्रिप काढा.

जेवण

कॅम्पवर भात, डालमा, भाजी, मासे, कधी खेकडा. डालमा म्हणजे भाज्या घालून शिजवलेली डाळ, हलकी आणि छान. सावजीची जीभ असलेल्यांना तिखट कमी वाटेल, ठेचा डब्यात न्या पण आधी एक घास त्यांच्या चवीनं खाऊन बघा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, सामान नावेनं येतं, ऐन वेळी काही मिळत नाही. पिण्याचं पाणी जपून वापरा, चारी बाजूंनी पाणी आहे पण ते खारं.

परतताना

शेवटच्या दिवशी परत भरती बघा. सकाळी ओहोटी असेल तर सामान घेऊन चिखलाच्या पायऱ्या चढायच्या आहेत हे धरून अर्धा तास आधी निघा. त्याच रात्रीची गाडी पकडायची असेल तर दुपारी बाराच्या आत गेटबाहेर असलं पाहिजे, कटकच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी तास-दीड तास सहज जातो.

घरी आल्यावर सँडल, दुर्बिणीचा पट्टा, कॅमेऱ्याची बाहेरची बाजू गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं त्याच दिवशी पुसा, खारा गाळ वाळला की चेन आणि बटणं धरून बसतो. कपडे पहिल्यांदा नुसत्या पाण्यातून काढा, मग साबण.